थांबणाऱ्याने म्हणायचं

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पेन धरता आलं आज! नळ्या आहेत तशाच आहेत, पण उजवा हात मोकळा केला.

गळ्यातलं स्वरयंत्र काढून टाकलंय. मानेत भोक आहे, त्यातून श्वास घेतो. नाक आता नुसतं शोभेला. डॉक्टर म्हणाले, गाठ पूर्ण निघाली, तुम्ही नशीबवान. मी मान हलवली. नशीबवान माणसाने आणखी काय करायचं असतं?

काय हवं-नको ते पाटीवर लिहायला सांगितलंय. पण पाटीवरचं सगळा वॉर्ड वाचतो. वहीतलं माझं मला.

सगळी हयात बसस्टँडवर माइकसमोर गेली. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुणाचं पोर हरवलं, कुणाची पिशवी सापडली — सगळं या गळ्यातून. लोक जायचे, मी तिथेच. नोकरीच्या शेवटी शेवटी त्यांनी मशीन बसवलं. आतून एक बाई बोलते. गाडीला उशीर झाला काय आणि गाडी रद्द झाली काय, दोन्ही एकाच गोड सुरात सांगते! तेव्हा म्हटलं, स्टँडवरचा आवाज गेला तर जाऊ दे, घरातला आहे. आता तोही गेला.

संध्याकाळी ही निघाली. "येते हं," म्हणाली आणि वॉर्डाच्या दारात थांबली. लग्नापासून मी "ये" म्हटल्याशिवाय ती दाराबाहेर पडलेली नाही. भांडण झालेलं असलं तरी मी म्हणायचो, तुटक का होईना. आजही सवयीने थांबली. मग तिच्याच लक्षात आलं. मी हात वर केला. पिशवी खांद्यावर घेऊन गेली.

८ नोव्हेंबर

हसलं तरी आवाज येत नाही. खांदे हलतात. रडलं तरी तेच.

१० नोव्हेंबर, सोमवार

हा घशाचा वॉर्ड. निम्म्यांना आवाज नाही, उरलेल्यांचा कसाबसा. पण ऐकू सगळ्यांना येतं. भेटायला येणारे मात्र बहिऱ्याशी बोलावं तसे ओरडतात, आणि मोठ्या सिस्टर कुजबुजतात. "दुखतंय का" एवढंच विचारायचं असतं, पण असं विचारतात की जणू आम्ही दोघं मिळून चोरीचा बेत करतोय.

वॉर्डाची भाषा शिकलो. कॉटच्या दांडीवर एक टकोरा — इकडे या. दोन टकोरे — हो, कळलं. झालं. एवढ्यावर संसार चालतो इथला.

शेजारच्या कॉटवर एक परमुलखातला माणूस आहे. फरशी बसवायचं काम करायचा. बोटांच्या चिरांत सिमेंट अजून आहे, ते आता जायचं नाही. गुडघ्यांना घट्टे. माझ्याच वयाचा. त्याचं ऑपरेशन मागेच झालं होतं, आता दुखणं उलटलंय. त्याला फक्त त्याची लिपी येते, अरबी. मला आपली. म्हणजे दोन मुके, आणि पाटी असूनही एकमेकांना निरक्षर!

मोबाइल भाषांतर करतो म्हणे. मी लिहिलं, "काय, कसं काय चाललंय?" त्याला दाखवलं. त्याने वाचलं, विचारात पडला आणि मग आपलं कोपर दाखवलं. देव जाणे त्या मोबाइलने काय विचारलं. दोघांचे खांदे बराच वेळ हलत होते. ऑपरेशननंतर पहिल्यांदा बरं वाटलं.

११ नोव्हेंबर

कोपऱ्यातल्या कॉटवरचे आजोबा घरी गेले. सून न्यायला आली होती. आजोबा दारापर्यंत पोचले तशी शेजाऱ्याने पाटी घेतली, काहीतरी लिहिलं आणि दोन्ही हातांनी उंच धरली. आजोबांना ओ का ठो कळलं नसणार. पण वळून बघितलं त्यांनी. थांबले. हात जोडले.

माझ्या स्टँडवरून इतक्या गाड्या सुटल्या. कुणाकडे बघून मी एकदाही असं काही केलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

शेजाऱ्याची मुलगी औषधांच्या दुकानात काम करते. कामावरून सुटली की येते. आपली भाषा मोडकीतोडकी बोलते, पण अडत नाही कुठे. तिला पाटीवरचं विचारलं. तिने माझ्या पाटीवर लिहून दिलं —

مع السلامة

"मअस्सलामा," म्हणाली. पहिला शब्द 'सोबत', दुसरा 'सुखरूपपणा'. जाणाऱ्याला म्हणायचं. म्हणजे आपलं 'सुखरूप जा'. वॉर्डातून जो कुणी घरी जातो त्याला तिचे बाबा हेच दाखवतात. आधी सगळ्यांना वाटायचं, म्हातारा बिल मागतोय!

मी ठरवलं. आपल्याला घरी सोडतील तेव्हा निघताना त्यांना हेच दाखवायचं. मुलगी म्हणाली, मी मेसेज पाठवते, तुम्ही तोच दाखवा. छे! उसनी घोषणा मी जन्मात केली नाही. कागद हातात आला तरी आधी स्वतः वाचायचो, मगच माइक चालू.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काल ते दोन शब्द बघून बघून काढले. चांगलं वळणदार काढलं असं वाटलं. शेजारी कुशीवर वळून बघत होता. एकदम कॉटवरून उतरला, सलाइनचा स्टँड ढकलत आला, माझं मनगट धरलं आणि पाटीच्या डाव्या टोकावरून उजव्या टोकावर नेऊन ठेवलं. मी शेपटाकडून सुरू केलं होतं! चित्र बरोबर, चालणं उलटं. गाडी रिव्हर्समध्ये घालून अख्खा घाट चढलो म्हणायचं.

उजवीकडून पहिलं अक्षर मणी. मग मोठ्या पोटाचा आकडा. मग जागा सोडायची. मग एक उभी काठी, एकटी. मग पुन्हा काठी, पण ही पुढच्याशी जोडलेली, मग तीन दात, मग दोन काठ्या एकमेकींना टेकलेल्या. मग पुन्हा तोच मणी, आणि शेवटी एक बंद कडं, डोक्यावर दोन टिंबं.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, झोपा आता. कुजबुजल्याच अर्थात.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मुलीने माझ्या मोबाइलमध्ये अरबी अक्षरं घालून दिली. आता खरी पंचाईत. पाटीवरचा मणी तिथे सापडेना! बटणांवरची अक्षरं वेगळीच. मुलगी म्हणाली, बटणावर अक्षर एकटं असतं. शब्दात आलं की हात धरतं, म्हणून रूप बदलतं. घरात माणूस वेगळा दिसतो आणि कचेरीत वेगळा, तसं.

शोधून शोधून टाइप केलं. प्रत्येक अक्षरानंतर जागा सोडली, एकमेकांवर चढू नयेत म्हणून. मोठ्या ऐटीत दाखवलं. शेजाऱ्याने बघितलं आणि डोळे मिटून घेतले, दाढ दुखावी तसे. मग स्वतःच्या दोन हातांची बोटं एकमेकांत गुंफून दाखवली. जागा सोडू नकोस. ती आपली आपण जुळतात.

मधल्या जागा पुसत गेलो. आणि खरंच की! एकेक अक्षर सरकून पुढच्याचा हात धरत होतं. फक्त ती उभी काठी तेवढी मागच्याचा हात धरते, पुढच्याला देत नाही. असतात अशी माणसं. आमच्या डेपो मॅनेजरांना ओळखणाऱ्याला सांगायला नको.

मग मला दुर्बुद्धी सुचली. मोबाइलमध्ये लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायचं बटण आहे, ते दाबलं. बाई बोलली. तीच! स्टँडवरची नसेल तर तिची सख्खी बहीण. तोच गोड सूर. शेजाऱ्याने पुढे होऊन मोबाइलवर पंजा ठेवला, रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर ठेवावा तसा. मुलीला पाटीवर काहीतरी लिहून दिलं. ती हसली. म्हणाली, "बाबा म्हणतात, ही बाई कुणाला निरोप देत नाहीये. हिला कुणी दिसतच नाही."

इतक्या वर्षांत त्या मशीनबद्दल इतकं खरं कुणी बोललं नव्हतं. दांडीवर दोन टकोरे दिले.

१६ नोव्हेंबर

आवाजाच्या बाई आल्या होत्या. पेशंटना पुन्हा बोलायला शिकवतात. एक यंत्र दिलं, छोट्या टॉर्चएवढं. गळ्याला लावायचं, बटण दाबायचं, ओठ हलवायचे. एकदा लावून बघितलं. डब्यात भुंगा कोंडल्यासारखा आवाज. म्हणे हा तुमचा आवाज. मी यंत्र डब्यात घालून झाकण लावलं.

हिचा चेहरा उतरला. मला तिच्यासमोर तसं भुणभुणायचं नाही. ज्या गळ्यावर भाळून ती आली, त्या जागी भुंगा? नको.

शेजाऱ्याने सगळं बघितलं. त्याच्याकडेही तसलंच यंत्र होतं. आता मान दगडासारखी झालीय, लावताच येत नाही. मुलीकडून सांगितलं त्याने. "मला जमलं तोवर मी वापरलं. तुझं अजून डब्यात आहे."

राग आला. पाटी पालथी घातली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

उद्या सोडणार!

संध्याकाळी ही "येते हं" म्हणून दारात थांबली, मी हात वर केला. शेजाऱ्याने मुलीमार्फत विचारलं, वहिनी रोज दारात का थांबतात? पाटीवर लिहिलं. आमच्यात जाणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. मागे राहणाऱ्याने 'ये' म्हणायचं, मग जाणाऱ्याने निघायचं. मुलीने त्याला वाचून सांगितलं. तो बराच वेळ दाराकडे बघत होता. मग माझ्या उशाजवळच्या डब्याकडे बोट केलं. यंत्राच्या डब्याकडे.

मी कूस बदलली. फार नाक खुपसतो हा माणूस!

१८ नोव्हेंबर, मंगळवार

घरी आलो.

निघायची वेळ झाली. कपडे बदलले, मानेला रुमाल. शेजाऱ्याच्या कॉटशी गेलो, मोबाइल काढला, एकेक अक्षर त्याच्यासमोर टाइप केलं. कुणाची मदत नाही. एकही चूक नाही. वळवून त्याच्यापुढे धरलं.

त्याने वाचलं. छातीवर हात ठेवला. आणि मग मान हलवली — नाही. मी पुन्हा बघितलं, सगळं बरोबर होतं. त्याने माझ्याकडे बोट केलं, मग दाराकडे. स्वतःकडे बोट केलं, मग गादीवर थोपटलं. आणि पाटी घेऊन तेच दोन शब्द लिहिले आणि उंच धरली, आजोबांसाठी धरली होती तशी.

मुलगी आज रजा काढून आली होती. तिने समजावलं. हल्ली कुणीही म्हणतं, पण बाबा जुन्या वळणाचे. जाणाऱ्याचे शब्द वेगळे असतात. हे थांबणाऱ्याने म्हणायचं. "बाबा म्हणतात, आज ते थांबलेत. तुमचं तुमच्याजवळ ठेवा. लागेल."

'लागेल' म्हणताना तिने बापाकडे बघितलं नाही.

जिन्यात हिने सांगितलं. मोठ्या सिस्टर बोलल्या होत्या तिच्याशी. आता उपाय नाही. मुलगी त्याला गावी न्यायची खटपट करतेय, कागदपत्रं झाली की विमानाने. मला माहीत होतंच. कुणी सांगितलं नव्हतं एवढंच.

त्याला निरोप द्यायला मी हवा. एवढं एक काम मला नीट करायचंय. बाकी काही नाही मागणं.

२१ नोव्हेंबर

चहाला फुंकर मारता येत नाही. विसरून ओठांचा चंबू केला. ही समोर होती. तिने कप उचलला, फुंकर मारली आणि परत ठेवला. दोघंही काही बोललो नाही. म्हणजे ती.

२४ नोव्हेंबर, सोमवार

इस्त्री बिघडली म्हणून तिचं माहितीपुस्तक काढलं. पन्नास भाषांत एकच रड. चाळता चाळता मागच्या पानांवर ती लिपी. आणि त्यात — तीन दात, टेकलेल्या काठ्या, मणी, दोन टिंबांचं कडं! السلامة! वाचलं मी! चित्र म्हणून नाही ओळखलं, उजवीकडून एकेक अक्षर वाचत आलो आणि शेवटी तोच शब्द हाताला लागला.

आपल्या भाषेच्या पानावर त्या जागी काय आहे ते बघितलं. 'सुरक्षिततेच्या सूचना.' ओल्या हाताने लावू नये. मुलांपासून दूर ठेवावी. म्हणजे माणसाला निरोप देताना म्हणतात तेच इस्त्रीलाही लागू. हसू आलं. खांदे हलले.

हिला ओढत आणलं आणि दाखवलं. तिने कौतुक केलं. मग म्हणाली, "त्यांची भाषा शिकलात. आपली कधी काढणार डब्यातून?"

इस्त्री दुरुस्त झाली नाही.

१ डिसेंबर, सोमवार

तपासणीला गेलो. माझं सगळं ठीक. मग वर वॉर्डात.

किती खाली गेला तो! गालाची हाडं वर आलीत. पण मला बघून एक टकोरा दिला — इकडे ये. पाटी धरायची ताकद नाही, म्हणून माझ्या तळहातावर बोटाने लिहिलं. उजवीकडून. मी मणी ओळखला, आकडा ओळखला. परीक्षा घेत होता! मी त्याच्या तळहातावर पुढचा शब्द लिहिला. तीन दातांऐवजी दोनच काढले. लगेच बोट धरलं माझं. मास्तर जात्याच.

मुलगी म्हणाली, तिकिटं झाली. तेरा तारखेला, शनिवारी सकाळी. हॉस्पिटलच्या मागच्या फाटकातून गाडी निघेल. येऊ का विचारलं. ती म्हणाली, या. ते वाट बघतील.

५ डिसेंबर

रोज टाइप करतो. आता बटणं बघावी लागत नाहीत. मोबाइलची अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलीत, त्याला लांबून दिसावीत म्हणून. पलंगाच्या पायथ्याशी मोबाइल ठेवून उशीवरून वाचून बघतो. दिसतात.

१२ डिसेंबर, शुक्रवार

उद्या. सदरा काढून ठेवला. मोबाइल चार्जिंगला.

१३ डिसेंबर, शनिवार

जसं झालं तसं लिहितो.

आम्ही वेळेआधी पोचलो. स्टँडच्या माणसाला उशीर झालेला चालत नाही. मागच्या फाटकाशी रुग्णवाहिका उभी होती, दार उघडं. ड्रायव्हर टायरला लाथ मारून बघत होता. मग स्ट्रेचर आलं. मुलगी बाजूने चालत होती, हातात औषधांची पिशवी.

मी मोबाइल काढला. लिहून तयार होतं. पुढे झालो, त्याच्या तोंडासमोर धरलं.

डोळे मिटलेले.

मी थांबलो. उघडेल म्हणून. मुलीने माझ्या दंडाला हात लावला. "कालपासून डोळे उघडत नाहीत, काका. औषध जास्त लागतं आता. पण ऐकू येतं त्यांना. हात हातात घेतला की दाबतात."

महिनाभर शिकलो ते हातात धरून उभा होतो. एकेक अक्षर बरोबर. वाचणारा कुणी नाही. बाजूच्या कोपऱ्यात ते वाचून दाखवायचं बटण होतं. त्या बाईचं. अंगठा तिथवर गेलाही. आणि त्याचा पंजा आठवला. हिला कुणी दिसतच नाही. नाही! त्या बाईच्या तोंडून नाही. असल्या निरोपापेक्षा न दिलेला बरा.

ड्रायव्हर म्हणाला, निघायला पाहिजे. मुलगी माझ्याकडे बघत होती. आयुष्यात एवढं मुकं मला कधी वाटलं नव्हतं, ऑपरेशननंतर शुद्धीवर आलो तेव्हाही नाही.

तेवढ्यात हिने पिशवीत हात घातला आणि डबा काढला. यंत्राचा. मला पत्ता नव्हता. घरी आल्यापासून प्रत्येक खेपेला ती तो पिशवीतून नेत होती, आणत होती. झाकण उघडून यंत्र माझ्यापुढे धरलं. "घ्या," म्हणाली.

गळ्याला लावलं. नुसती भुणभुण. जागा चुकली. ड्रायव्हर वळून बघायला लागला, वॉर्डबॉय बघायला लागला, फाटकावरचा रखवालदारही. लाजेने कान तापले. काढून टाकावं असं वाटलं. मग आवाजाच्या बाई म्हणाल्या होत्या ते आठवलं, जबड्याखाली, थोडं बाजूला, घट्ट. जागा बदलली. वाकलो, अगदी कानाशी. बटण दाबलं.

"मअस्सलामा."

भुंग्याचाच आवाज. सपाट, रुक्ष. चढ नाही, उतार नाही. पण शब्द ओळखू येत होता. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं.

त्याचे डोळे उघडले नाहीत. पण स्ट्रेचरच्या दांडीवर हात होता, त्या हाताचं एक बोट उचललं गेलं. टक. वेळ लागला. मग टक.

दार लागलं. गाडी वळली. मी जन्मभर गाड्या सोडल्या, पण जाणारी गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभा आजच राहिलो. रडलो. खांदे हलत होते, लोक बघत होते, बघू दे.

परत येताना बसमध्ये हिने खिडकीबाहेर बघत विचारलं, "काय म्हणालात त्यांना?" मी मोबाइलवर आपल्या भाषेत लिहून दाखवलं. तिने वाचलं. "बरं झालं," म्हणाली. "त्यांना मिळालं."

आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली.

१४ डिसेंबर

यंत्र परत डब्यात. डबा कपाटावर.

'त्यांना मिळालं.' कालपासून हेच डोक्यात.

१६ डिसेंबर, मंगळवार

मुलीचा मेसेज आला. 'पोचलो. घरी, त्यांच्या खोलीत झोपवलं. आत्या होती, सगळे होते. आज पहाटे बाबा गेले.'

उत्तरात तेच दोन शब्द टाइप केले. बघावं लागलं नाही कुठे.

मोबाइल ठेवून दिला. स्टुलावर चढून डबा खाली काढला. नुसता काढून ठेवला.

१७ डिसेंबर, बुधवार

सकाळी ही बाजारात निघाली. चप्पल घातली, पिशवी घेतली. "येते हं," म्हणाली आणि दारात थांबली.

मी यंत्र गळ्याला लावलं. जबड्याखाली, थोडं बाजूला, घट्ट.

"ये."

ती गेलीच नाही. कडीवर हात ठेवून पाठमोरी उभी राहिली. ऐकू आलं होतं तिला, चांगलं आलं होतं. तरी न वळता म्हणाली, "नीट ऐकू नाही आलं. परत म्हणा."

परत म्हणालो.